पाऊण मिलिमीटर

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगते. कुणी अंदाजपंचे बोललं की माझं डोकं सणकतं. शिंप्याने बाही आखूड केली तर मी घरून टेप नेते. लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी आठवड्यात ओळखलं की ही बाई पोळीसुद्धा मोजून लाटणारी आहे. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासनीस आहे आणि मोजणं हाच माझा धंदा आहे. हे सगळं अशासाठी सांगतेय, की पुढचं वाचून कुणी म्हणू नये, बाईला समजच कमी होती. समज चांगली होती. तरी केलं.

आमच्याकडे टर्बाइन इंजिनं दुरुस्तीला येतात. कारखान्यांमध्ये स्वतःची वीज करायला ठेवलेली असतात ती. विमानाच्या इंजिनाचं धाकटं भावंड म्हणा. आत एक चाक, चाकाच्या कडेला दाटीने लावलेली पाती, आणि चाकाभोवती गोल कवच. गरम वायू पात्यांवर आदळतो आणि चाक फिरतं. पात्याचं टोक आणि कवच यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते, आणि सगळा खेळ त्या फटीचा आहे. जास्त ठेवली तर वायू पात्याला न ढकलताच वरून निसटतो, म्हणजे इंजिन नुसतं खातं. कमी ठेवली तर पाती तापून लांब होतात, फिरण्याच्या ओढीने आणखी बाहेर येतात आणि कवचाला घासतात. मिनिटाला हजारो फेरे घेणारं चाक घासलं की मग देवाचं नाव घ्यायलाही वेळ नसतो. ज्या इंजिनाची ही गोष्ट आहे त्याला थंड असताना पाऊण मिलिमीटर फट लागायची. तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी.

मोठ्या विमानांच्या इंजिनात कवचावर बाहेरून गार हवा मारतात, ते आकसतं आणि फट चालता चालता हवी तेवढी करता येते, असं आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं. आमच्या वर्कशॉपात तसलं काही नव्हतं. आमच्याकडे बाबा होते.

बाबा समुद्रकाठच्या दांडी गावचे. घरची बोट होती, ती धाकट्या काकाकडे गेली आणि बाबा बोईसरला हेल्पर म्हणून लागले. पुढे फिटर झाले. शाळा चौथीपर्यंत, पण बोटं अशी की जाळं कुठे फाटलंय ते न बघता नुसतं चाचपून सांगायचे. कवचाच्या आतल्या कड्यांमागे पातळ पत्रे सारून फट बसवायची आणि मग ती फिलर गेजने मोजायची, हे काम मालकाने दुसऱ्या कुणाला कधी दिलंच नाही. फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. हव्या तेवढ्या जाडीची पट्टी फटीत सारायची आणि ती किती अडते हे बोटाला कळलं पाहिजे. बाबा म्हणायचे, "पट्टी अडली पाहिजे, पण रडली नाय पाहिजे." मी डिप्लोमा करून आले तरी याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

त्यात एक गोम आहे. इंजिन थंड असतं तेव्हा पातं मुळाशी जरासं हलतं, हलणाऱ्या दातासारखं. मोजताना ते डाव्या अंगठ्याने बाहेरच्या बाजूला धरून ठेवायचं आणि उजव्या हाताने पट्टी हळूच सारायची. पट्टी जोराने घुसवली तर पातं आत दबतं आणि फट आहे त्यापेक्षा मोठी वाटते. इंजिन फिरायला लागलं की ते पातं परत बाहेर येणार, तेव्हा मोठी वाटलेली फट कुठे असणार? म्हणून हे काम ताकदीचं नाही. नुसत्या स्पर्शाचं आहे.

मी तिथे लागले तेव्हा घरी "ए बाबा" म्हणणारी मी वर्कशॉपात सगळ्यांदेखत "अहो" म्हणायला लागले. बाबांना त्याचं फार हसू यायचं. मालकाचा नियम होता, आधी फिटरने मोजायचं, आपला कागद भरून द्यायचा, मग तपासनिसाने स्वतः मोजून दुसरा कागद भरायचा. दोन माणसं, दोन कागद. पहिल्याच महिन्यात मी बाबांच्या मागून मोजलं तर एका जागी मिलिमीटरच्या पाच शतांशांचा फरक आला. मी लगेच भर खात्यात मोठ्याने सांगितलं. नवीन होते, दाखवायचं होतं ना! बाबा आले, पुन्हा मोजलं, आणि माझा हात धरून पट्टी माझ्याकडून सारून घेतली. चूक माझी होती. मी पातं धरलंच नव्हतं. सगळे खो खो हसले. लेक बापाला शिकवायला निघाली, हे पुढे चार महिने ऐकून घेतलं.

त्यानंतर मी मोजणं सोडलं. एकदम नाही, हळूहळू. कवचाच्या गोलावरच्या बारा जागांपैकी चार मोजायच्या, मग दोन, मग एकही नाही. बाबांचा कागद समोर ठेवायचा आणि आपला भरायचा. दोन्ही कागद अगदी सारखे दिसायला नकोत म्हणून कुठे एक शतांश वाढवायचा, कुठे दोन कमी करायचे. शाळेत शेजारणीचं गणित उतरवताना एखादं उत्तर मुद्दाम चुकवतात, तसं. वडिलांच्या मागून पट्टी लावणं बरं दिसत नाही, असं मी मनाला सांगायचे. खरं म्हणजे मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं, आणि मोजून तेच येणार याची खात्री होती. सहा-सात वर्षं एकही इंजिन परत आलं नाही. मोजलं असतं तरी तेच आलं असतं.

मग बाबांची साखर वाढली.

आधी पायाचं कळलं. शेअर रिक्षातून उतरून घरी यायचे तर एका पायात चप्पल नाही. निसटलेली त्यांना कळायचीच नाही. आई नि मी पोट धरून हसायचो. आई म्हणायची, म्हातारा अर्धा अनवाणी फिरतो, नवस बोललाय वाटतं. पालघरला सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पथ्य सांगितलं. बाबांनी गोळ्या घेतल्या, पथ्याला हसले.

बोटांचं मला एका रविवारी कळलं. मी माहेरी गेले होते. काकाच्या बोटीतून मासळी आली होती आणि बाबा ओट्यावर बसून शिंगाळा साफ करत होते. शिंगाळ्याचा काटा ज्याला लागलाय त्यालाच ठाऊक, दांडगा गडी कळवळतो. तो काटा बाबांच्या उजव्या तर्जनीत घुसला होता आणि बाबा माझ्याशी काकाच्या नव्या इंजिनाबद्दल बोलत होते. रक्ताची धार मनगटापर्यंत आली, ती बघून ते थांबले, काटा काढला, बोट पाण्यात बुडवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवून आईला हाक मारली, हळद आण म्हणून. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. बोलायला हवं होतं ते मीच. पण बोललं की काय होणार हे मला दिसत होतं. बोटं गेली म्हणजे बाबांचं काम गेलं, आणि काम गेलं म्हणजे हा माणूस ओट्यावर बसून करणार काय? मी मूग गिळून बसले.

पुढच्याच महिन्यात ते इंजिन आलं. जवळच्याच एका कारखान्याचं. फट अजिबात सैल नको, आधीच इंधन फार जातंय, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. बाबांनी दोन दिवस खपून कड्या बसवल्या, मोजलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. बाराही जागी पाऊण मिलिमीटर, दोन-तीन शतांश इकडेतिकडे. कागद ठेवून ते गेले नाहीत. माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी वर बघितलं तर म्हणाले, नीट बघ हां. ते असं कधी म्हणत नसत. मला वाटलं, मोठं गिऱ्हाईक आहे म्हणून म्हणतायत. मी हो हो म्हटलं, आणि ते वळल्यावर वरून खाली आकडे उतरवले. तिसऱ्या जागी एक वाढवला, नवव्या जागी दोन कमी केले. मग डबा खाल्ला. वाल होते, मला आठवतं.

इंजिन कारखान्यात बसवलं त्या दिवशी मीही गेले होते. सकाळी नुसतं रिकामं चालवून बघितलं आणि बंद केलं. असं इंजिन बंद केलं की पूर्ण गार होईपर्यंत थांबावं लागतं. कवच पातळ, ते लवकर गार होऊन आकसतं, चाक जाड, ते बराच वेळ तापलेलं राहतं. मधेच चालू केलं तर बरोबर बसवलेली फटही कमी पडते आणि पाती घासतात. तिथला ऑपरेटर उत्तरेकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याने मला आपल्या थर्मासमधला चहा दिला, दर थोड्या वेळाने तपमान बघून आपल्या वहीत लिहिलं, आणि दुपारी पुन्हा चालू केलं. मी तोवर ऑफिसात कागदांवर सह्या घेत होते. लोड दिला आणि दहाव्या मिनिटाला आवाज आला. विळी फरशीवर ओढावी तसा, पण कानात मावणार नाही एवढा. मग इंजिन आपणहून बंद पडलं. भिंतीतली थरथर नंतरही थोडा वेळ पायांना लागत होती.  मला त्याच क्षणी शिंगाळ्याचा काटा आठवला.

इंजिन परत आणून उघडलं. कड्यांवर खोल चरे होते आणि पात्यांची टोकं निळी पडली होती. काही तर दुमडून गेली होती. बाबांनी एका पात्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या हाताचं फिरवलं, आणि हात खिशात घातले.

मालक हुशार माणूस. त्याने दोन्ही कागद काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि कारखान्याच्या लोकांना दाखवले. दोन माणसांनी वेगवेगळं मोजलंय, एकदोन शतांशांचा फरक आहे, म्हणजे माप खरं आहे. मग फट कमी कशी पडली? तुमच्या ऑपरेटरने गरम असतानाच चालू केलं असणार. त्यांनी ऑपरेटरची वही पुढे केली. मालक म्हणाला, हाताने भरलेली वही काय, मागून कुणीही भरेल. मी तिथेच बसले होते. हाताने भरलेला माझा कागद टेबलावर सगळ्यांसमोर होता आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

दोन दिवसांनी तो ऑपरेटर आमच्या गेटवर आला. मला बोलावलं. त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. तो भांडायला आला नव्हता. त्या दिवशी तिथे तुम्ही होतात, एवढंच त्याचं म्हणणं. "मैडम, मैंने पूरा ठंडा होने दिया था," तो म्हणाला. "आप बोल दो ना." मी म्हटलं, मी ऑफिसात होते, मी बघितलं नाही. हे खरंच होतं, लाज वाटण्याइतकं खरं. तो नमस्कार करून गेला. मी आत येऊन एका हेल्परवर उगाच खेकसले. त्याने काहीच केलं नव्हतं बिचाऱ्याने.

गेटवरचं बाबांनी आतून बघितलं होतं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते तसेच हात पुसत मालकाच्या केबिनकडे निघाले. मी मागून गेले. मला वाटलं, थांबवावं. मग वाटलं, नको थांबवायला. कबूल करते, मला काय हवं होतं ते आजही मला कळलेलं नाही.

बाबा केबिनमध्ये बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "शेठ, त्या माणसाचा दोष नाय. माझ्या बोटांना कळत नाय आता. पट्टी मी दाबून घातली असणार."

मालक आधी हसला. मग त्याने ड्रॉवरमधून कागद काढले. म्हणाला, तुमच्या बोटांना कळत नाही, ठीक. मग हिचं माप तुमच्याशी जुळलं कसं? हिच्या बोटांना काय झालं?

 मालक माझ्याकडे बघत होता आणि बाबाही माझ्याकडे वळले. मी खाली माझ्या कागदावरच्या नवव्या आकड्यावर नजर लावली.  बाबा माझ्याकडे बघत राहिले. आधी त्यांना नवल वाटलं, ते मला दिसलं. मग त्यांना कळलं, तेही दिसलं. ते मालकाकडे वळून म्हणाले, मीच तिला माझे आकडे लिहायला लावले. बापाचा शब्द म्हणून तिने लिहिले. तिला बोलू नका.

मालकाने मला विचारलं, खरं का? मी मान हलवली. वर-खाली. एवढंच केलं मी, आणि त्या एवढ्याशा हलण्यावर माझी नोकरी राहिली.

बाबांना त्याच दिवशी घरी पाठवलं. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला निरोप नाही, काही नाही. त्यांनी डबा उचलला आणि गेटबाहेर गेले. मालकाने कारखान्याला फोन केला, पण ऑपरेटर तोवर खोली सोडून गेला होता. कुणी म्हणे गुजरातेत गेला, कुणी म्हणे गावी. त्याला शोधायची गरज कुणाला वाटली नाही, आणि मीही शोधलं नाही. त्याच्या हातचा चहा प्यायले होते, नावही विचारलं नव्हतं.

आता वर्कशॉपात मोजायला यंत्र आलंय. सळई आत घालायची, आकडा पडद्यावर येतो. मी तरीही त्यानंतर पट्टी लावून बघते, बाराही जागी, पातं धरून. नवी मुलं कंटाळतात, पाठीमागे मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

बाबा सहा महिने ओट्यावर बसले. जाळं विणायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे, कारण सुई कुठे आहे ते बघावं लागायचं आणि डोळेही आता साथ देत नव्हते. मी दर रविवारी जायचे. आम्ही मासळीवर बोलायचो, काकावर बोलायचो, चिंचणीच्या भावजयीच्या बाळंतपणावर बोलायचो. केबिनवर कधीच नाही.

एका रविवारी सकाळी बाबांनी त्यांचा जुना फिलर गेज बाहेर आणला. स्वतःचा होता, कापडात गुंडाळून ठेवायचे. म्हणाले, तुला देतो, पण आधी एकदा बघू दे काय राहिलंय ते. डोळे मिटले, उजवा हात पुढे केला, अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवली. मी पाऊणची पट्टी काढली आणि दोन बोटांच्या मध्ये ठेवून बोटं मिटवून दिली. ते डोळे मिटून वाट बघत राहिले.

"लाव ना," ते म्हणाले.

"लावलीय, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. पट्टी बोटांत होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि मला रडू आवरेना. ओट्यावर, दिवसाउजेडी, येणारी-जाणारी बघत असताना मी हमसून हमसून रडले. म्हटलं, बाबा, मी मोजलं नव्हतं. कितीतरी वर्षं मोजलं नव्हतं. काटा घुसलेला मी बघितला होता, तरी मोजलं नाही.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. समजावून सांगतात तशा आवाजात म्हणाले, "मला कळत नाय हे मला वर्षभर ठाऊक व्हतं. मी गप राहिलो. म्हटलं, माझं चुकलं तरी काय व्हनार, मागून तू मोजतेस ना."

 समोर काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि आई कावळे हाकत होती. बाबांनी हात तसाच पुढे धरला होता, बोटं मिटलेली, नजर आईकडे. मी पट्टी हळूच ओढून घेतली, पुसली, जुडग्यात घातली. ते अजून बोटं दाबून बसले होते.